रोज पिशवीत राहील असा रेंजफाइंडर: ३५ आरसी, कॅनोनेट की एक्सए?

सावलीपट
ऑफिसच्या पिशवीत रोज राहील असा एक छोटा फिल्म कॅमेरा घ्यायचा आहे. ३५ मिमीचा रोल, लेन्स कायमची जोडलेली असली तरी चालेल. अटी तीन. वजन अर्ध्या किलोच्या आसपास असावं. सेल संपला तरी कॅमेरा चालावा. फोकस अंदाजाने न करता खिडकीतल्या दोन प्रतिमा जुळवून, म्हणजे रेंजफाइंडरने, करता यावा. म्हणून रोलाय ३५, ऑलिंपस एक्सए२ असे अंतर नजरेने ठरवायला लावणारे कॅमेरे यादीतून काढले. उरले ऑलिंपस ३५ आरसी, कॅननचा कॅनोनेट क्यूएल१७ जी-३ आणि ऑलिंपस एक्सए.
वापर सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते सात: फलाट, मंडई, गल्लीबोळ. रोल २०० किंवा ४०० एएसएचा, म्हणजे उजेडाला तेवढा संवेदनशील. यातला कोणता घ्यावा आणि हातात आल्यावर काय काय तपासावं?

अंतरवेध
तुमची दुसरी अट कायम असेल तर एक्सए आधीच बाद होतो. त्याचं शटर, म्हणजे उजेड क्षणभर आत सोडणारी पाती, पूर्ण इलेक्ट्रॉनिक आहे. सेल नाही तर फोटो नाही. बाकी तो विलक्षण कॅमेरा आहे. १९७९ साली आला, रचना योशिहिसा माइतानी यांची. वजन फक्त २२५ ग्रॅम, ३५ मिमी एफ/२.८ ची सहा भिंगांची लेन्स, आणि सरकतं झाकण बंद केलं की लेन्स व खिडकी दोन्ही आत. टोपी नाही, केस नाही. अपर्चर, म्हणजे लेन्समधल्या छिद्राचा आकार, तुम्ही ठरवायचं (एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं), शटरचा वेग तो ठरवतो, १० सेकंदांपासून १/५०० पर्यंत.

३५ आरसी १९७० चा. ४२ मिमी एफ/२.८, वजन ४१० ग्रॅमच्या आसपास, वेग १/१५ ते १/५०० आणि बी, म्हणजे बटण दाबून धरलं तोवर शटर उघडं. तुम्ही वेग लावायचा, कॅमेरा अपर्चर निवडतो. किंवा दोन्ही हाताने लावा. या आकाराच्या कॅमेऱ्यांत दुर्मीळ अशी एक सोय त्यात आहे: लावलेला वेग आणि उजेड मोजणाऱ्या मीटरने निवडलेलं अपर्चर दोन्ही खिडकीतच दिसतात. डोळा कॅमेऱ्यावरून काढावा लागत नाही.

कॅनोनेट जी-३ हा १९७२ चा. ४० मिमी एफ/१.७, वेग १/४ ते १/५०० आणि बी, वजन ६२० ग्रॅम. म्हणजे तुमच्या पहिल्या अटीच्या बाहेर, पण अगदी हाकलून द्यावा इतका नाही.

माझं मत ३५ आरसी. कारण वजनापेक्षाही दुसरंच आहे: त्याचं शटर निव्वळ यांत्रिक आहे, भाग कमी आहेत, आणि तुमच्या वेळेच्या उजेडाला एफ/२.८ पुरतं.

तिसरा_प्रहर
अंतरवेध, एफ/२.८ पुरतं हे संध्याकाळी पाचला खरं, सातला नाही. एफ/१.७ आणि एफ/२.८ यांत जवळपास दीड स्टॉपचा फरक आहे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड). जिथे आरसी १/३० मागतो तिथे कॅनोनेट १/८० च्या आसपास देतो. चालणारी माणसं १/३० ला पुसटच येणार. हात कितीही स्थिर असला तरी समोरचा माणूस थांबत नाही. शिवाय आरसीला १/१५ च्या खाली फक्त बी. कॅनोनेटला १/८ आणि १/४ आहेत, खांबाला टेकून वापरता येतात.

दुसरं, कॅनोनेटच्या खिडकीतली उजळ चौकट फोकसबरोबर सरकते, म्हणजे जवळच्या फोटोत डोकं कापलं जात नाही. आरसीत जवळच्या अंतरासाठी नुसत्या स्थिर खुणा आहेत, तिथे अंदाजच करावा लागतो. हे दोन मुद्दे २०० ग्रॅम वजनाला भारी आहेत.

अंतरवेध
चौकटीचा मुद्दा मान्य. लेन्सच्या उजेडाबद्दल मात्र पुढचा हिशेब करून बघा. ४० मिमी लेन्स, एफ/१.७, समोरचा चेहरा १ मीटरवर: स्पष्ट येणारी खोली सगळी मिळून सुमारे ६ सेंटिमीटर. एका डोळ्यापासून कानापर्यंतही पुरत नाही. त्यात हे कॅमेरे पन्नास वर्षांचे. रेंजफाइंडर किंचित जरी सरकलेला असेल तरी एफ/१.७ वर ते लगेच दिसतं, एफ/४ वर झाकलं जातं. म्हणजे एफ/१.७ चे पैसे मोजायचे तर जुळवलेल्या रेंजफाइंडरचेही मोजायला हवेत. न जुळवलेला कॅनोनेट आणि चांगला ३५ आरसी यात चांगला आरसीच घ्यावा.

आणि उलट टोकालाही लक्ष द्या. ४०० चा रोल, आपल्याकडचं सकाळी अकराचं ऊन: १/५०० ला एफ/१६. कॅनोनेटचा सगळ्यांत जलद वेग आणि सगळ्यांत लहान अपर्चर दोन्ही तिथेच संपतात. एफ/१.७ उघडायचा प्रश्नच येत नाही. आरसीत एफ/२२ पर्यंत जाता येतं. कॅनोनेट घेतलात तर दिवसा २०० किंवा १०० चाच रोल घाला.

तिसरा_प्रहर
एवढं मान्य. रोल २०० चा असेल आणि रेंजफाइंडर जुळवलेला असेल तर कॅनोनेट. त्याची हमी नसेल तर आरसी.

घाटवाट
मॉडेलवर वाद घालण्याआधी एक सांगतो. या तिन्हींच्या लेन्स रोजच्या फोटोला पुरून उरतात. फरक पडतो तो समोर आलेल्या नगाच्या अवस्थेने. तपासायचा क्रम पुढे देतो. सेल नसतानाही यातलं बहुतेक सगळं तपासता येतं, एक्सए सोडून.

आधी एक गैरसमज. आरसी आणि कॅनोनेट दोन्ही कॅमेरे अपर्चरची रिंग ए वर, म्हणजे स्वयंचलित खुणेवर, असताना सेल नसला किंवा उजेड कमी पडला तर बटणच दाबू देत नाहीत. ती मुद्दाम ठेवलेली अडवणूक आहे, फोटो वाया जाऊ नये म्हणून. कित्येक चांगले नग “शटर जाम” म्हणून विकायला येतात ते यामुळेच. रिंग ए वरून काढून एफ/२.८ वर आणा, रोल पुढे सरकवणारा खटका ओढा, मग दाबा.

मग शटर. मागचं दार उघडा, कॅमेरा उजेडाकडे धरा, प्रत्येक वेगाला निदान पाच वेळा चालवा. १/५०० आणि १/२५० यांतला फरक कानाला कळणार नाही, पण १/३० आणि १/१५ चा कळलाच पाहिजे. कॅनोनेटला १/४ आणि १/८ चे आवाज सारखेच लांबलेले येत असतील तर हळू वेगांची दातेरी चाकांची गाडी वंगण आटून मंदावली आहे. पहिल्यांदा दाबल्यावर पाती अर्धी उघडून थांबली आणि पाचव्यांदा नीट चालली, तर पात्यांवर तेल आहे. लेन्सच्या फोकसच्या आट्यांमधलं ग्रीस उन्हाने पातळ होतं आणि पात्यांवर उतरतं. इतक्या बारीक पात्यांना तेलाचा पातळ थरही चिकटवून ठेवायला पुरतो. “वापरत राहा, सुटतं” असं विक्रेता सांगेल. दोन दिवस ठेवल्यावर पुन्हा चिकटतं.

अपर्चरची पातीही वेगळी तपासा. बी वर शटर उघडं धरून रिंग एफ/१६ पर्यंत फिरवा, छिद्र लगेच लहान झालं पाहिजे. शटर चालू आणि अपर्चर अडकलेलं असा नग सर्रास सापडतो, आणि मग ए वरचा प्रत्येक फोटो जळलेला येतो.

सेल्फ टायमरची कांडी मात्र ओढू नका. ती यंत्रणा वर्षानुवर्षं हललेली नसते, मध्येच थांबली तर पूर्ण शटर अडकवून ठेवते. रोजच्या वापरात तिचा काही उपयोगही नाही.

लेन्स: बी वर उघडी, अपर्चर पूर्ण मोकळं, मागून मोबाइलचा दिवा तिरपा. धुळीचे ठिपके सोडून द्या. कोळ्याच्या जाळ्यासारख्या फांद्या म्हणजे बुरशी. कडेला नखाएवढी असेल तर फोटोत दिसत नाही, मधोमध असेल तर नको. पांढरट धुकं सगळ्यांत वाईट, कारण समोरून लेन्स चकचकीत दिसते आणि उन्हाकडे वळलं की सगळा फोटो फिका होतो.

सावलीपट
रेंजफाइंडर जुळलेला आहे हे रोल न घालता कसं बघायचं?

अंतरवेध
तीन पायऱ्या.

पहिली, लांबचं. निदान अर्ध्या किलोमीटरवरचा मनोरा किंवा पाण्याची टाकी, रात्री चंद्र. फोकस अनंतावर टेकवा. दोन प्रतिमा बरोबर एकावर एक यायला हव्यात. आडव्या दिशेने फट दिसली तर अंतराचं माप चुकलेलं. एक प्रतिमा वर-खाली सरकलेली असेल तर उभी जुळणी गेली. उभ्या चुकीने फोकस फसत नाही, फक्त जुळवणं अवघड होतं.

दुसरी, जवळचं. टेपने फिल्मच्या पातळीपासून १ मीटर मोजा, तिथे उभी रेघ लावा. जुळवल्यावर लेन्सवरचा आकडा १ दाखवतो का बघा.

तिसरी हीच खरी परीक्षा, कारण पहिल्या दोन्हींत तुम्ही खिडकी तपासता, लेन्स नाही. मागचं दार उघडा, रोल जिथून जातो त्या आतल्या दोन गुळगुळीत रुळांवर ट्रेसिंग पेपरचा तुकडा ताणून चिकटवा. शटर बी वर, लॉक होणारी केबल लावून उघडं ठेवा, अपर्चर पूर्ण मोकळं. आता खिडकीतून १ मीटरवरची रेघ जुळवा आणि कागदावर भिंगाने बघा. कागदावर रेघ धारदार असेल तर काम झालं. नसेल तर लेन्स हळूच फिरवून धारदार करा आणि खिडकीत किती फरक पडला ते टिपा. दुरुस्तीवाल्याला हीच माहिती लागते. दोन्ही टोकांना, म्हणजे १ मीटरला आणि अनंताला, करा. एका टोकाला बरोबर आणि दुसऱ्याला चूक असेल तर आधी कोणीतरी लेन्स उघडून उलटसुलट बसवलेली आहे. तो नग सोडून द्या.

एक्सएला बी नाही, त्यामुळे ही तिसरी परीक्षा त्याच्यावर करता येत नाही. फोटोंचा एक रोल काढूनच बघावं लागतं.

मृदगंध
खिडकीतला मधला ठिपका, जिथे दोन प्रतिमा जुळवायच्या तो, फिका पडलेला असेल त्याबद्दल: या खिडकीत अर्धा उजेड पलीकडे जाऊ देणारा आणि अर्धा परतवणारा आरसा असतो. त्याचा मुलामा झिजतो. अल्कोहोल लावून पुसलं तर उरलासुरला मुलामाही निघून जातो, मग आरसा बदलण्याशिवाय गत्यंतर नाही. आत हात घालायचाच तर फक्त फुंकणी. तात्पुरता उपाय असा: समोरच्या मोठ्या खिडकीवर, बरोबर मध्यभागी, काळ्या चिकटपट्टीचा मसुराएवढा तुकडा लावा. थेट दिसणारी प्रतिमा तेवढ्या भागात झाकली जाते आणि परावर्तित प्रतिमा उठून दिसते. एक्सएचा ठिपका नवेपणीही फिकाच होता, त्याला हा उपाय चांगला लागू पडतो.

आता सेल. आरसी आणि कॅनोनेट दोन्ही १.३५ व्होल्टच्या पीएक्स६२५ या पाऱ्याच्या सेलसाठी बनले. तो सेल आता मिळत नाही. दुकानात त्याच आकाराचा अल्कलाइन सेल देतात, १.५ व्होल्टचा. तो बसतो, काटाही हलतो, आणि लोक समाधानी होतात. पण व्होल्टेज जास्त म्हणून मीटरला उजेड जास्त वाटतो आणि फोटो अंधारे येतात. एएसए कमी लावून भागेल असं वाटतं, पण चूक सगळीकडे सारखी नसते: कडक उन्हात वेगळी, सावलीत वेगळी. भर म्हणजे अल्कलाइनचं व्होल्टेज वापरासोबत सतत उतरत जातं. निगेटिव्ह रोल दोन स्टॉप जास्त उजेड पचवतो, एक स्टॉप कमी मात्र सावल्यांमधून लगेच दिसतो, म्हणून ही चूक नेमकी नको त्या बाजूची आहे.

पर्याय दोन. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल, औषधाच्या मोठ्या दुकानात मिळतो, पट्टी निळी. व्होल्टेज १.४ आणि संपेपर्यंत जवळपास स्थिर. व्यास ११.६ मिमी, तर जुन्या सेलचा १६ च्या आसपास. मधली जागा भरायला रबरी रिंग घाला. उंचीही थोडी कमी पडते. ती भरायला ॲल्युमिनियमच्या फॉइलची लहान घडी ऋण बाजूला ठेवा, सेलच्या कडेला लागू देऊ नका, नाहीतर सेल शॉर्ट होईल. हवेची छिद्रं धन बाजूला असतात, ती झाकू नका. पट्टी काढल्यावर सेल मिनिटभर हवेत ठेवा, मग बसवा. साधारण महिना-दोन महिने चालतो, वापरा अगर वापरू नका.

दुसरा, १.५५ व्होल्टचा चांदीचा सेल आणि व्होल्टेज उतरवणारी तयार वाटी. एकदाच खर्च, पण सेल खूप टिकतो. रोजच्या वापराला मी हाच सुचवेन, कारण झिंक-एअर नेमका रोलच्या मध्यावर बसतो.

कॅनोनेटला मीटर बंद करायची वेगळी कळ नाही. काम झालं की रिंग ए वरून बाजूला फिरवायची. आणि ए वर नसताना मीटर चालतच नाही, तेव्हा हाताने वेग-अपर्चर लावताना काटा बघून काही कळणार नाही. सेल घालून बघण्याआधी सेलच्या खोबणीत डोकावून घ्या: हिरवट-पांढरा खर असेल तर व्हिनेगर लावलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसा, नंतर अल्कोहोलने. खर आत तारेपर्यंत गेला असेल तर तार काळी पडलेली दिसते. ती बदलावी लागते, काम लहान आहे.

एक्सएला ही कटकट नाही. दोन एलआर४४ किंवा चांदीचे एसआर४४, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. सावलीपट, अट थोडी सैल करून पिशवीत चार सेल जास्तीचे ठेवायची तयारी असेल तर एक्सएला अजून नाही म्हणू नका.

तिसरा_प्रहर
मृदगंध यांच्या शेवटच्या वाक्याला दुजोरा. एक्सएवर एफ/५.६ आणि ३ मीटर या दोन खुणा नारिंगी रंगाच्या आहेत, त्या घाईच्या फोटोसाठी. तिथे ठेवला की सुमारे २.१ मीटरपासून ५ मीटरपर्यंत सगळं स्पष्ट, आणि एफ/५.६ ला कोपऱ्यांचा काळेपणाही बराच कमी होतो, जो एफ/२.८ वर ठळक असतो. मंडईत हे फार कामाचं.

दोन उणिवा सांगितल्याच पाहिजेत. बटण हे बटण नाही, लाल चौकोनी पडदा आहे, नुसता स्पर्श पुरतो. बोट ठेवून वाट बघायची सवय असेल तर न मागितलेले फोटो निघतात. आणि जुना झाला की हेच बटण आधी दगा देतं. घेताना सलग वीस वेळा दाबून बघा, एकदाही चुकता कामा नये. खालची कांडी तपासणीच्या खुणेवर नेली की दिवा लागला पाहिजे. त्याच कांडीने सूर्य समोर असताना दीड स्टॉप जास्त उजेड देता येतो.

सावलीपट
पाऊस आणि उन्हाळा यांचं काय? कॅमेरा रोज बाहेर राहणार.

घाटवाट
कोकण-मुंबईच्या हवेत बुरशीचा धोका कॅमेरा वापरात असताना कमी आणि कपाटात बंद असताना जास्त. कातडी केसमध्ये तर अजिबात ठेवू नका, कातडं ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात १०० ग्रॅम सिलिका जेल आणि स्वस्तातला आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० च्या मध्ये राहू द्या. फार कोरडंही नको, वंगण आणि चिकटवलेली भिंगं दोघांनाही ते मानवत नाही. जेलचा रंग बदलला की मंद आचेवरच्या तव्यात परता, पुन्हा वापरता येतं.

गार ऑफिसमधून दमट हवेत आल्यावर लेन्सवर दव धरतं. कॅमेरा पिशवीत बंदच ठेवून वीसएक मिनिटं जाऊ द्या. पुसत बसलात तर बाहेरचं भिंग तेवढं पुसाल, आतलं तसंच राहील. उन्हात उभ्या गाडीत तर कधीच ठेवू नका; वर सांगितलेलं ग्रीस पात्यांवर उतरतं ते अशाच वेळी.

दुरुस्तीबद्दल एक कळकळीची विनंती. शटर अडकलं की समोरून लायटरचं पेट्रोल ओतायचे व्हिडिओ भरपूर दिसतात. पेट्रोल तेल विरघळवतं आणि घेऊन जातं ते थेट आतल्या भिंगांवर. वाळल्यावर तिथे धुकं उरतं. पुढचा भिंगांचा गट काढून, पाती उघडी करून, बोळ्याने थेंब-थेंब लावून, टिपून घ्यावं लागतं, दोन-तीन वेळा. हात बसलेला नसेल तर हे काम जाणकाराला द्या.

अंतरवेध
मागच्या दारातून उजेड आत येऊ न देणाऱ्या पट्ट्या राहिल्या. पन्नास वर्षांत मूळ स्पंजचं काळं चिकट डांबर झालेलं असतं, एकाही नगाचा अपवाद धरू नका. बदलणं घरी जमतं. आधी शटरसमोरची खिडकी कागदाने झाका, कारण त्या चिकट्याचा एक कण पात्यांत गेला तर नवीन दुखणं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लाकडी टूथपिकने जुनं खरवडा, धातूचं टोक वापरू नका, रंग गेला की चमक उरते. वरच्या-खालच्या अरुंद खाचांत काळी लोकर दाबून बसवा, गोंदाशिवाय टिकते. बिजागरीच्या बाजूला दोन मिमी जाडीचा काळा चिकट स्पंज. कॅनोनेटला दारावरच्या छोट्या काचेच्या भोवतीही पट्टी असते, ती हमखास विसरली जाते. दार बंद करताना जोर लागत असेल तर स्पंज जाड झालाय, पातळ करा.

उजेडाची गळती कुठली हे निगेटिव्हवरून ओळखता येतं. डाग दातांच्या भोकांपर्यंत पसरला असेल तर उजेड दारातून आला. फक्त चौकटीच्या आत असेल तर तो लेन्समधून आलाय, सूर्य समोर होता. मागून पाहता बिजागरी उजवीकडे. लेन्स प्रतिमा उलटी पाडते, म्हणून बिजागरीची गळती सरळ धरलेल्या फोटोच्या डाव्या काठाला उतरते.

पहिला रोल तपासणीचाच काढा, साधा २०० चा, वहीत प्रत्येक फोटोची नोंद ठेवून. एकसारख्या उजेडातली भिंत, प्रत्येक वेगाला एक फोटो, वेग दुप्पट केला की अपर्चर एक घर उघडायचं. सगळ्या निगेटिव्हची काळिमा सारखी यायला हवी. जिथे बदलली तो वेग बिघडलेला. १/५०० थोडा हळू निघणं नेहमीचं आहे, त्याने काही अडत नाही. मग पूर्ण मोकळ्या अपर्चरवर तिरपी ठेवलेली पट्टी, १ मीटर आणि २ मीटरवर, फोकस ठरलेल्या आकड्यावर. मग लांबची टाकी. शेवटी रोल मध्यावर असताना कॅमेरा दोन मिनिटं उन्हात सगळ्या बाजूंनी फिरवा. धुवायला देताना “कापू नका” सांगा, सलग पट्टी बघितल्याशिवाय चौकटींमधलं अंतर सारखं आहे का ते कळत नाही.

सप्तपर्णी
लायका सीएल कोणी कसा काढला नाही? आणि जुन्या बाजारात झॉर्की, फेड तर निम्म्या पैशात दिसतात.

अंतरवेध
सीएल १९७३ चा, मिनोल्टाने जपानमध्ये बनवलेला. लेन्स बदलता येते, कॅमेरा छोटा, सगळं खरं. पण त्याच्या दोन खिडक्यांतलं अंतर ३१.५ मिमी आणि खिडकीची प्रतिमा ०.६ पट, गुणाकार १९ मिमीसुद्धा नाही; हा आकडा मोठा तितका फोकस अचूक. लायका एम६ ला हाच आकडा ५० च्या घरात येतो. म्हणजे पैसे लायकाचे आणि अचूकता मर्यादित. मीटरही झुलत्या कांडीवर बसलेला, बिघडला की सुटे भाग दुर्मीळ. रोज पिशवीत धक्के खायला मी तो नेणार नाही.

झॉर्की ४ आणि फेड २ दणकट आहेत, फेड २ चा रेंजफाइंडर तर लांब पायाचा, म्हणजे दोन खिडक्यांत जास्त अंतर असलेला, म्हणून चांगला अचूक. पण दोन्हीत मीटर नाही आणि शटर कापडी पडद्यांचं. टोपी काढून कॅमेरा उन्हाकडे ठेवला तर पडद्याला भोक पडतं. झॉर्कीत खटका ओढल्यानंतरच वेग बदलायचा, आधी बदलला तर यंत्रणा मोडू शकते. आणि “लायका” असं कोरलेला स्वस्त कॅमेरा दिसला तर तो याच घराण्यातला नकली समजा.

तिसरा_प्रहर
मिनोल्टा हाय-मॅटिक ७एस-२ चं नाव राहिलं. ४० मिमी एफ/१.७, ४६० ग्रॅम, हाताने सगळं लावता येतं. कॅनोनेटसारखी लेन्स आणि आरसीजवळचं वजन. आपल्याकडे क्वचित दिसतो, म्हणून यादीत धरून शोधत बसू नका, पण दिसला तर वरच्या सगळ्या तपासण्या लावून घ्या. याशिका इलेक्ट्रो ३५ सहज मिळतो, छान लेन्स, पण ७५० ग्रॅम आणि सेलशिवाय फक्त १/५००. तुमच्या पहिल्या दोन्ही अटी मोडतात.

सावलीपट
सगळ्यांचे आभार. आरसीवर आलो आहे. एक नग बघितला: वेग सगळे चालतात, लेन्स स्वच्छ, ठिपका बऱ्यापैकी, मीटर तपासलेला नाही. मीटर न तपासता घ्यावा का? आणि कृष्णधवल रोलसाठी पिवळा फिल्टर लावायचा आहे, तो कुठल्या मापाचा?

मृदगंध
६७५ चा सेल आणि रबरी रिंग खिशात घेऊन जा, पाच मिनिटांचं काम आहे. एएसए १००, वेग १/१२५, दुपारच्या उन्हातल्या जमिनीकडे धरा: काटा एफ/११ आणि एफ/१६ च्या मध्ये यायला हवा. मग सावलीतली भिंत, मोबाइलच्या मीटरशी ताडून. मग खोलीतला उजेड. उन्हातून एकदम आत आलात तर थोडं थांबा, या प्रकारच्या मीटरला आधीच्या उजेडाची आठवण राहते. तिन्ही ठिकाणी चूक सारखीच असेल, समजा एक स्टॉप, तर एएसए तेवढी सरकवून भागतं. प्रत्येक ठिकाणी वेगळी असेल तर मीटर गेलेला समजा आणि त्या हिशेबाने भाव पाडा. ए वर बटण अर्धं दाबलं की काटा पकडला जातो. तो पकडलेला राहतो का, हेही बघा. राहत असेल तर आकाश जास्त असलेल्या फोटोत जमिनीकडे धरून अर्धं दाबायचं आणि मग चौकट लावायची.

मीटर गेलेला असला तरी कॅमेरा पूर्ण उपयोगाचा आहे. २०० च्या रोलला १/२५० कायम ठेवा: कडक ऊन एफ/१६, विरळ ढग एफ/११, ढगाळ एफ/८, गच्च ढग एफ/५.६, इमारतीच्या मोकळ्या सावलीत एफ/४. शंका आली की एक घर जास्त उघडा.

फिल्टरचं माप ४३.५ मिमी, दुकानात सहसा नसतं. ४३.५ ते ४९ ची वाढवणारी रिंग मागवा आणि ४९ चा पिवळा फिल्टर घ्या. मीटरचा डोळा लेन्सच्या कड्याच्या आतच आहे, फिल्टरच्या मागे येतो, त्यामुळे ए वर असताना एएसए बदलायची नाही. हाताने लावत असाल तर एक स्टॉप स्वतः वाढवायचा.

घाटवाट
आणि नग घरी आणल्यावर पट्ट्या बदलल्याशिवाय पहिला रोल घालू नका.